वरचे दोन दात

"नाव राहू दे. करतो काय ते सांग."

असं म्हणून बाई खडूचा तुकडा आमच्या नाकासमोर धरायच्या आणि उत्तर येईपर्यंत खाली घ्यायच्या नाहीत. फळ्यावर एखादा संस्कृत शब्द लिहिलेला असायचा. त्याचा अर्थ आम्ही गाईडातून पाठ करून गेलेले असायचो, पण बाईंना तो नको असायचा. शब्द म्हणजे काहीतरी करणारा कुणीतरी, आणि तो काय करतो हे कळल्याशिवाय त्याची ओळख झाली म्हणायचं नाही, असा त्यांचा हट्ट होता. हाच प्रश्न त्या माणसांनाही विचारायच्या. गल्लीत नवा भाडेकरू आला, मुलीला बघायला पाहुणे आले, तरी पहिलं वाक्य हेच. मुलीच्या होणाऱ्या सासऱ्यांनी म्हणे त्यावर गडबडून "मी... बसतो," असं उत्तर दिलं होतं. ते नुकतेच निवृत्त झाले होते.

तुम्ही कधी कडेगावात आला असाल आणि भर उन्हात डोक्यावर पदर, पदरावर छत्री आणि काखेत पिशवी अशी एक उंच, काटकुळी बाई अर्ध्या वाटेवरून अचानक माघारी वळताना पाहिली असेल, तर त्या याच. घरचा गॅस बंद केलाय की नाही हे बघायला त्या शाळेच्या फाटकातून परत जायच्या. गॅस बंदच असायचा. मग परत येताना कुलूप लावलं का, ही शंका यायची. काळजी हा त्यांचा मूळ स्वभाव. नवरा फौजेत होता, तो तिकडेच आजारी पडून गेला. पुढे मुलगाही फौजेत गेला. आमच्याकडे घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यामुळे यात कुणाला विशेष वाटत नाही. ज्या घरातला माणूस तिकडे गेलेला असतो त्या घराला मात्र फोन वाजला तरी धस्स होतं आणि नाही वाजला तरी होतं.

आम्ही संस्कृत घेतलं होतं ते मार्कांसाठी. माझे अब्बा एसटी स्टँडच्या मागे करवतींना धार लावायचे, आणि हंगामात ऊसतोडीचे कोयते. "पोराला पैकीच्या पैकी पडत असतील तर चिनी शिकवा," एवढंच त्यांचं माझ्या शिक्षणाविषयीचं मत होतं.

एक दिवस बाईंनी फळ्यावर लिहिलं, दंत.

"दात," आम्ही एका सुरात ओरडलो.

"ते माझ्या म्हशीलाही ठाऊक आहे. करतो काय?"

"चावतो."

"आणि चावून?"

"खातो."

"मग झालं. तो खाणारा."

मग त्यांनी सगळी कुळकथा सांगितली. जुने व्याकरणवाले हा शब्द 'दम्' या धातूशी जोडायचे, म्हणजे दात घासाला वठणीवर आणतो म्हणून तो दंत. नंतरच्या अभ्यासकांना ते पटलं नाही. त्यांच्या मते त्याचं मूळ 'अद्' मध्ये, म्हणजे खाण्यात आहे. फार फार पूर्वीच त्याचा पुढचा स्वर गळाला आणि उरला तो दंत. "आणि अन्न हा शब्दही त्याच 'अद्'चा," बाई म्हणाल्या. "एक खाणारा, एक खाल्लं जाणारा. दोघं एकाच घरचे. म्हणून एकमेकांना कधी सोडत नाहीत."

मी बसल्या जागेवरून बोलून गेलो, "बाई, अब्बा करवतीच्या दात्यांना दंदाने म्हणतात." बाईंचा खडू हवेतच राहिला. संध्याकाळी त्या थेट आमच्या टपरीवर हजर. अब्बांना वाटलं, पोरानं काहीतरी करून ठेवलं.

"ह्याला काय म्हणता?" बाईंनी करवतीकडे बोट केलं.

"आवं, करवत हाय की बाई ती."

"ती नाही. हे पुढचं."

"दंदाने."

"कुणी शिकवलं?"

"आमच्या वडलांनी. का, चुकलं काय?" अब्बांनी हातातली कानस खाली ठेवली.

फारसीतला दंदान आणि संस्कृतातला दंत हे एकाच रक्ताचे, लॅटिनमध्येही त्यांचा एक भाऊबंद आहे, असं बाईंनी त्यांना लोखंडाचा कीस उडणाऱ्या त्या टपरीत उभ्यानं समजावलं. अब्बांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे आपुण पावणंच निघालो की." त्या दिवसापासून बाईंच्या विळीला धार कमी पडली नाही.

मी पुढे दाताचा डॉक्टर झालो. याचं श्रेय बाई स्वतःकडे घ्यायच्या आणि मी ते घेऊ द्यायचो. खताच्या दुकानाच्या माडीवर माझा दवाखाना आहे आणि मागच्या गल्लीत बाईंचं घर. त्यांची एक दाढ मी दुरुस्त केली, तेव्हा तोंडात कापूस कोंबलेला असतानाही त्या माझ्या सहायिकेला हवेत बोटानं अक्षरं काढून काहीतरी समजावत होत्या. ती बिचारी मान हलवत होती. त्या गेल्यावर तिनं मला विचारलं, "बाईंना पाणी हवं होतं का?"

पण आमची खरी दोस्ती जमली ती वेगळ्याच कारणानं. तुम्हाला ठाऊक असेल, आमच्या भागात बाळाला वरचे दात आधी आले की घर हादरतं. ते मामाला जड, असं मानतात. यात हिंदू-मुसलमान असा काही फरक मी तरी पाहिलेला नाही. मामा फौजेत असला तर मग विचारूच नका. दर काही महिन्यांनी एखादी आई पदराखाली बाळ झाकून जिना चढून यायची आणि हळूच म्हणायची, "डॉक्टर, एवढं दोन काढून टाका." माझं शास्त्र ऐकून तिचं समाधान व्हायचं नाही. मग मी बाईंना बोलवायचो. बाई छत्री मिटत यायच्या, बाळाचं तोंड बघायच्या आणि म्हणायच्या, "अगं, कुणाला खालचे आधी येतात, कुणाला वरचे. मामाचा काय संबंध? मामा पुण्यात, दात इथं." पोरी हसायच्या. बाई बोलल्या म्हणजे ते खरंच, असं मानणारं निम्मं कडेगाव त्यांच्या हाताखालून गेलेलं.

मग त्यांना नातू झाला. मुलगी, सुजाता, म्हसवडला दिलेली. जावई नोकरीला परगावी, म्हणून ती बाळंतपणानंतरही आईकडेच राहिली होती. मुलगा विक्रम तेव्हा उत्तरेला, कुठल्यातरी उंच बर्फाच्या चौकीवर होता. नाव सांगायची त्याला परवानगी नव्हती. रविवारी फोन यायचा. बातम्यांमध्ये त्या दिवसांत सीमेवर तणाव, तणाव असं चाललेलं. बाईंनी टीव्हीवर कापड टाकून ठेवलं होतं, आणि कापडाआडून आवाज मात्र ऐकायच्या.

एका दुपारी मी डबा उघडून बसलो होतो. बाई जिना चढून आल्या. उन्हाची वेळ, पण छत्री नाही. कडेवर बाळ. त्यांनी आत येऊन दार लावून घेतलं आणि बाळाला माझ्या खुर्चीवर, त्या एवढ्या मोठ्या खुर्चीवर, धरून बसवलं.

"हे दोन काढ," म्हणाल्या.

"काय?"

"वरचे. दोन."

बाळ माझ्याकडे बघून हसलं. वरच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढी दोन पांढरी टोकं. खाली काहीच नाही.

"बाई, चेष्टा करताय तुम्ही माझी."

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांनी बोटानं बाळाचा वरचा ओठ उचलून धरला आणि बाळाला वाटलं, आजी खेळवतेय.

"विक्रमचा फोन न्हाई," त्या म्हणाल्या. "खीर चारताना चमचा वर टक् करून वाजला, त्या दिसापास्नं न्हाई. रविवार गेला, फोन न्हाई. त्याच्या सोबत्याला लावला, त्यो बी लागत न्हाई."

वर्गात अनुस्वाराचीही गय न करणाऱ्या बाई त्या दुपारी त्यांच्या आईच्या भाषेत बोलत होत्या. मला तेवढ्यानंच भीती वाटली.

"तुम्हीच तर सगळ्यांना सांगता, बाई. मामाचा काय संबंध म्हणून."

"तवा मामा दुसऱ्याचा हुता रं."

तरी मी माझं शास्त्र सांगितलं. हे आजाराचं लक्षण नाही. दात घट्ट आहेत, काढायला काही कारण नाही. आतल्या पक्क्या दाताला इजा होईल, बाळ किती रडेल, रक्त किती जाईल. बाई ऐकत होत्या, पण माझ्याकडे बघत नव्हत्या. त्या बाळाच्या तोंडाकडे बघत होत्या.

"मीच शिकवलं न्हवं तुमास्नी? करतो काय ते सांग म्हणून? खाणारा, खाणारा करत जल्म गेला माझा. आता त्यो माझ्याच घरात उगवला. तू शिकलास, दातं काढतोस, मग काढ की. का तुला बी भ्या वाटतंय?"

"मी काढणार नाही, बाई."

"दुसरा काढंल." त्यांनी बाळ उचललं आणि जिना उतरून गेल्या.

माझा डबा तसाच राहिला. दुसरा काढेल, हे खरंच होतं. शिकलेला डॉक्टर काढणार नाही, पण बाजारात दात उपटून देणारे अजूनही बसतात, आणि आजी समोर रडायला लागली की कुणाचा हात कधी ढिला पडेल याचा भरवसा नाही. दुपारभर मी पेशंटच्या तोंडात बघत होतो आणि मला तिथे तांदळाच्या दोन कण्याच दिसत होत्या. बाई फोन उचलत नव्हत्या. शेवटी एका म्हाताऱ्याची कवळी अर्धवट बसवून, "उद्या या," म्हणून मी दवाखाना बंद केला.

सुजातानं दार उघडलं. "बरं झालं आलास," ती म्हणाली. "आई बाळाला घेऊन कराडच्या गाडीला गेली होती. स्टँडवर बसून परत आली. तेव्हापासून गॅसपाशी आहे, बोलत नाही."

"तुला दात दिसलेत?"

"कधीच. मी तिच्यापासून लपवत होते. ती माझ्यापासून लपवत होती." असं म्हणून ती हसली आणि हसता हसता तिनं ओढणीचं टोक तोंडावर धरलं.

आत बाई पाटावर बसल्या होत्या. बाळ मांडीवर, अगदी शाबूत. समोर चार वाट्या. एकीत भात, एकीत शिजवलेले उडीद, एकीत तीळ आणि एकीत ज्वारीच्या कण्या.

"जव मिळालं न्हाई," त्यांनी मान वर न करता मला विचारलं. "ज्वारी चालंल न्हवं?"

दाताचा डॉक्टर म्हणून मला आजवर असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. "ज्वारी चालेल," मी म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं. स्टँडवर गाडीची वाट बघताना बाळानं त्यांचं बोट तोंडात घेतलं आणि चावलं. त्या दोन दातांना काही कळत नव्हतं. त्यांना फक्त भूक होती. तेव्हा बाईंना आठवलं की ही भीती आपलीच नाही. वेदकाळच्या आईबापांनाही बाळाचे वरचे दोन दात बघून हेच भय वाटायचं, त्यांना ते दोन वाघ वाटायचे. पण त्यांनी ते उपटले नाहीत. त्यांची समजूत काढली. भात खा, जव खा, उडीद खा, तीळ खा, तुमचा वाटा हा आहे, आमच्या माणसांना हात लावू नका, असं सांगितलं.

"करतो काय, तर खातो," बाई म्हणाल्या. आता त्या थोड्या वर्गातल्यासारख्या बोलत होत्या. "मग त्याला खायला घालायचं. मारायचं कशाला?"

"मग घाला की."

बाईंचा चेहरा पुन्हा पडला. "घातलं असतं. पर त्या मंत्रात आईचं नाव हाय, बापाचं नाव हाय. मामाचं न्हाई रं. लय आठवून बघितलं. मामाचं कुठंच न्हाई."

सुजाता माझ्याकडे बघत होती. मला हसू येत होतं. मी म्हणालो, "तुम्ही संस्कृतच्या बाई आहात. मामाचं नाव तुम्ही घाला. कोण विचारणार आहे?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांना कॉपी करायला सांगत होतो. मग त्या हळूच म्हणाल्या, "बाळाचं तोंड धर."

मी आधी सगळं चेचून मऊ करायला लावलं, दाणा घशात जाईल म्हणून. मग गुडघ्यावर बसून बाळाची हनुवटी धरली. बाईंनी एकेका वाटीतलं बोटाच्या टोकावर घेऊन त्या दोन दातांना लावलं. तोंडानं संस्कृतात काहीतरी पुटपुटत होत्या, त्यात मामा कसा बसवला मला कळलं नाही. सुजाता समईत तेल घालायला उठली. तेवढ्यात बाई वाकल्या, बाळाच्या तोंडाशी तोंड नेलं आणि अगदी साध्या मराठीत म्हणाल्या, "माझ्या लेकाला सोडा. एवढ्यानं भागलं न्हाई तर मी हाय. माझं समदं झालंय."

हनुवटी धरून मी इतका जवळ होतो, म्हणून ते मला ऐकू आलं. हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय.

पुढचे दिवस वाईट गेले. बाई माझ्या दवाखान्यात येऊन बसायच्या, माडीवर रेंज चांगली मिळते म्हणून. मोबाईल दोन्ही हातांत धरून पेशंटांच्या रांगेत बसलेल्या असायच्या. नवीन माणूस विचारायचा, "मावशी, तुमचा नंबर कितवा?" त्या म्हणायच्या, "माझा नंबर अजून आला नाही." ड्रिलचा आवाज सुरू झाला की त्या बाहेर जिन्यात जाऊन उभ्या राहायच्या, रिंग ऐकू येणार नाही म्हणून. शेवटी मी ज्यांची फारशी घाई नव्हती त्यांचं ड्रिलिंग पुढे ढकलायला लागलो.

फोन आला तेव्हा मी एकाला भुलीचं इंजेक्शन देत होतो. जिन्यातून बाईंचा आवाज आला, "जेवलास का?" मग काहीच नाही. मग पुन्हा, "आधी सांग, जेवलास का?" बर्फात लाईन तुटली होती, एवढंच झालं होतं. विक्रम धडधाकट होता. इंजेक्शन घेतलेल्या पेशंटसकट आम्ही सगळे जिन्यात गेलो. बाई पायरीवर बसून रडत होत्या आणि मुलाला रागवत होत्या, की सर्दी झाल्यासारखा आवाज का येतोय.

मला वाटलं, संपलं. पण काळजी घर बदलून माझ्याकडे राहायला आली. बाई आता भलत्याच निवांत झाल्या. गॅस बघायला परत जाईनात. आपले कोश शाळेला देऊन टाकले. सुजाताला लोणच्याचं प्रमाण सांगितलं, जे त्या कुणाला सांगत नसत. मी म्हटलं, "बाई, हे काय चाललंय?" तर म्हणाल्या, "बोललेलं पाळायला लागतं." आणि हसल्या. मी, ज्यानं एवढ्या बायकांना शास्त्र सांगितलं, तो मी त्या हसण्यानं गारठलो. त्यांना गाडीत घालून सांगलीला हृदयाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, झडप खराब आहे, बरीच वर्षं असणार, ऑपरेशन करून घ्या. मी बाईंना म्हणालो, "ऐकलंत? बरीच वर्षं. बाळाला दात यायच्या कितीतरी आधीपासून." त्या म्हणाल्या, "विक्रम रजेवर येऊ दे. मग करू."

रजा मंजूर झाली होती. पण तो यायच्या आधीच, उसाच्या हंगामात, बाई दुपारचं जेवून सोप्यावर टेकल्या आणि गेल्या. बाळ शेजारी खेळत होतं. झडप खराब होती. मी फाईल स्वतः वाचली आहे. आजही कधी चिडून ती पुन्हा वाचतो.

विक्रम विमानानं, गाडीनं, कसाबसा पोहोचला. दहावं-तेरावं झाल्यावर मी घरी गेलो, तेव्हा तो अंगणात खुर्चीवर बसला होता. उन्हानं आणि बर्फानं काळा पडलेला, बापासारखा रुंद. आल्यापासून भाच्याला त्यानं नीट बघितलंच नव्हतं. आत बायकांची कुजबूज चालू होती. सुजाता बाळाला घेऊन बाहेर आली, पण ओढणीनं त्याचं तोंड झाकून.

"डॉक्टर," विक्रम मला म्हणाला, "ह्याचं वरचं आधी आलं म्हणं. आईनं तवापास्नं व्हिडिओवर एकदा बी ह्याचं तोंड दावलं न्हाई मला. कानटोपी दावायची, पाय दावायची. मी म्हनायचो, आगं तोंड दाव की. तर म्हनायची, झोपलाय. डोळं टक्क उघडं असायचं त्याचं." ओढणीकडे बघत त्यानं विचारलं, "लय घाबरली हुती का?"

"हो," मी म्हणालो.

तो उठला. सुजाताच्या हातातून त्यानं बाळ घेतलं आणि ओढणी बाजूला केली. आत कुणीतरी "आवं, नको," म्हणालं. बाळानं अनोळखी माणसाकडे बघून तोंड वाकडं केलं, रडायला आ केला. आता खालचेही दोन दात आले होते. विक्रमनं आपलं जाडजूड बोट त्या चार दातांमध्ये दिलं. बाळ रडायचं विसरलं आणि सगळ्या ताकदीनं चावलं.

"चाव," विक्रम म्हणाला. "चाव गड्या, पोटभर चाव." त्याच्या डोळ्यांतून पाणी गालावर, गालावरून बाळाच्या टाळूवर पडत होतं, आणि त्यानं बोट काढलं नाही.